आकडा मोठा येऊ दे

३ नोव्हेंबर, सोमवार

म्हणे, बिडी किती ओढता! मी! गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि डॉक्टर मला बिडीचं विचारतो. आमचे हे बाजूला बसून खो-खो हसले. हसू आलं त्यांना! लग्न होऊन पूर्णेला आले तेव्हापासून स्टेशनाबाहेरच्या आमच्या हॉटेलाची भट्टी मीच पेटवते. हे पुढे गल्ल्यावर, उदबत्तीच्या वासात. मी मागे, कपाशीच्या वाळक्या पळाट्यांच्या धुरात. भजी पुढे जातात, धूर माझ्याकडे राहतो. एवढं डॉक्टरला सांगायला तोंड उघडलं तर दमच लागला.

मग डॉक्टरच म्हणाले, धुरानंही होतं. फुफ्फुसं फुगून बसलीत. बोटाला चिमटा लावून बघितलं, रक्तातला ऑक्सिजन अगदी काठावर. आता एकच बघायचं राहिलं — फुफ्फुसाच्या नळीतला दाब वाढलाय का. वाढला असेल तर घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचं आणि भट्टी कायमची बंद.

"आन् नसला वाढला तर?" ह्यांनी लगेच विचारलं.

तर पंप, गोळ्या आणि झेपेल तेवढं काम. झेपेल तेवढं! आमच्या घरात ते कोण ठरवणार? म्हणजे माझी सुटका आता एका आकड्यावर आली.

४ नोव्हेंबर

तिसऱ्या घाण्यालाच छाती भरून आली. कुणाला सांगितलं नाही. 'सोंग' हा शब्द ह्यांच्या जिभेवरच असतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

परभणीला जाऊन इको केला. सुई नाही, चिरफाड नाही. छातीला थंडगार चिकट काहीतरी लावतात आणि वरून यंत्र फिरवतात. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून रक्त थोडं उलटं गळतं, त्या गळतीच्या जोरावरून दाब काढतात म्हणे. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा." हे दारातूनच गरजले, "आमच्यात लिंग अंगावरून काढत न्हाईत!" मग त्यानं ते इकडे सरकव, तिकडे सरकव करत कसंबसं उरकलं. फुफ्फुसं फुगून हृदयावर पसरलीत, गळती पकडताच येत नाही, म्हणाला. रिपोर्टात लिहिलं — दाब मोजता आला नाही.

परतीच्या गाडीत हे खुशीत. "आकडाच आला न्हाई. म्हंजे कायबी न्हाई तुला. उगं लय घाबरली होतीस."

मेलं ते यंत्रही ह्यांच्यातलंच. माझ्याकडे बघितलं आणि काही दिसलं नाही.

८ नोव्हेंबर

भट्टी पेटवली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विरेशनं नवी पाटी रंगवून आणली — 'भट्टीवरची अस्सल चव'. आता गॅसचं नाव काढायची सोय उरली नाही. धूर म्हणजे शौकाची गोष्ट झालीय! गाडी बदलायला उतरलेले लोक मागे येतात आणि माझा व्हिडिओ काढतात. एकजण म्हणाली, "आजी, जरा जास्त धूर होऊ द्या ना." केला.

विरेशला म्हटलं, तुझ्या आईला दम लागतो रे. "आई, रिपोर्ट तर नॉर्मल हाय की!" मोबाईलमधून मान वर नाही. पोटचा पोरगा!

सून तेवढी थांबली. शिवरंजनी — उन्हाळ्यात लग्न होऊन आली, सेलूची, बी.एस्सी. झालेली. रिपोर्ट मागून घेतला, उभ्यानंच वाचला. "आत्या, नॉर्मल कुठं लिहिलंय? मोजता आलं न्हाई असं लिहिलंय. दोन्ही एक कसं हुईल?"

या घरात इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. रडूच आलं. तिनं पाणी आणून दिलं. पोरगी चांगली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाय सुजलेत. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. संध्याकाळी झारा हातातून पडला. मी खाली बसले ती उठवेना. हे आत आले. "गाडीच्या टायमालाच कसं हुतंय गं तुला हे?" बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं ना! बायको पडली याचं काही नाही, कढई करपली त्याची हळहळ.

शिवरंजनीनं मला उचललं. आणि सासऱ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं — "मामा, बुधवारी मी आत्यांना परत परभणीला नेणार हाय. दुसऱ्या डॉक्टरकडं." ह्यांनी खाली पडलेला झारा उचलला आणि उगाच पुसत बसले. मला मेलीला तेवढ्यातही गंमत वाटली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर धम्मशीलाबाई. हेही आले होते, राखण करायला. बाईंनी त्यांना बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

लिंग मीच गळ्यातून काढलं आणि डाव्या तळहातावर घेतलं, पूजेला घेते तसं. आधी छातीवरून बघितलं, तेच रडगाणं. मग बाई म्हणाल्या, "फुगलेल्या छातीत समोरून अवघडच असतं. आपण खालून बघू." उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले आणि बरगड्यांच्या खाली, पोटात यंत्र दाबलं. "श्वास आत घ्या. धरून ठेवा." धरवत कुठे होता! पण धरला.

आणि मी मागितलं. लिहायला लाज वाटते, पण हे वाचणारं कोण आहे? शिवा, आकडा मोठा येऊ दे! लोक देवाकडे बरं कर म्हणतात. मी लिंग हातात धरून आजार मागितला. नवऱ्यानं, पोरानं माझ्यावर ही वेळ आणली.

"मिळाली गळती," बाई म्हणाल्या. यंत्रातून आवाज आला, सायकलच्या पंपासारखा. माझं रक्त!

अठ्ठावन्न. पस्तिसाच्या आत पाहिजे म्हणे.

ह्यांना आत बोलावलं. "बसवंतराव, दाब बराच वाढलाय. घरी ऑक्सिजन लावायचा, दिवसातला बहुतेक वेळ. धूर आजपासून बंद. आणि ऑक्सिजनजवळ जाळ अजिबात नको." ह्यांनी पडद्यावरचा आकडा वाचला. मग म्हणाले, "मंग भजे कोन तळायचे?"

मी हसले. बाईंना वाटलं मी घाबरले. पाठीवर हात फिरवत राहिल्या.

२० नोव्हेंबर

अठ्ठावन्न! पास झाले मी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मशीन आलं. हॉटेलाला लागूनच घर, तिथं पुढच्या खोलीत घुरघुरत असतं. माझ्या नाकात नळी. भट्टी मागच्या अंगणात, थंड पडलेली. हॉटेलात नुसता चहा चाललाय. हे घरभर फिरतात, माझ्याकडे बघत नाहीत.

शेजारच्या पार्वतीबाई बघायला आल्या. "मल्लम्मा, काय हे नशिबी आलं हो तुमच्या!" म्हणाल्या. मी तोंड पाडून मान हलवली. मनात म्हटलं, बाई, एवढं सुख माहेरीसुद्धा नव्हतं. दिवसाउजेडी पाठ टेकायची आणि कुणाची 'सोंग' म्हणायची छाती नाही. का? तर आकडा आहे. मी आयुष्यभर खोकले ते कुणाला ऐकू गेलं नाही, अठ्ठावन्न लगेच ऐकू आलं. या सुखाचाही संतापच येतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

विरेशला म्हटलं, गॅसची शेगडी आण आता. "मंग पाटीचं काय करू, आई?" म्हणाला. पाटीचं! ह्यांनी तर ऐकलंच नाही असं केलं. दोघं बाप-लेक बाहेर ओट्यावर बराच वेळ काहीतरी बोलत होते. मला बघून विषय बदलला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाप-लेकांनी शिवरंजनीला भट्टीवर बसवलं. ती नको म्हणाली, माझ्याकडे बघत होती. आता धूर पुढच्या खोलीपर्यंत येऊ नये म्हणून मधलं दार लावून घेतलंय, तरी तिचा खोकला ऐकू येतो. मी इथूनच ओरडून सांगितलं, तोंडाला फडकं बांध गं.

ऊठ मात्र मी म्हणाले नाही.