जे तपासणीला आले नाहीत

९ नोव्हेंबर

एकशेचार! गणितात शंभर रुग्ण घेतले आणि वर्षभरात त्यांतले एकशेचार खालावले! तीन महिन्यांत खालावण्याची शक्यता घेतली आणि सरळ चारने गुणली — मी! एकदा खालावलेला माणूस पुन्हा पहिल्यांदा कसा खालावेल? नवशिकेही असं करत नाहीत. आमचे साहेब — बोलतातही दोन दशांश स्थळांपर्यंत, म्हणून दशांशसाहेब — चष्म्यावरून म्हणाले, "वरची चार माणसं बाहेरून बोलावलीत वाटतं?" सगळे हसले. मीही हसले. रडू येत होतं.

१० नोव्हेंबर

नीट मांडते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. तीन चौकटी — स्थिर, खालावलेला, मृत. मध्ये बाण. प्रत्येक बाणावर वर्षभरात इथून तिथे जाण्याची शक्यता. तिसऱ्या चौकटीतून बाण निघत नाही. या आकड्यांवरून समिती ठरवणार, फुफ्फुसांचं हे नवं औषध सरकारने रुग्णांना द्यायचं की नाही. नाही म्हणाली, तर रुग्णांवर चाललेला औषधाचा अभ्यास संपताच औषध बंद.

आणि दादा त्याच औषधावर आहे. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालायला शिकला तो दादा. त्याची फुफ्फुसं दगा देतायत. अभ्यासातल्या ओळींत तोही आहे, नाव नाही, नुसता क्रमांक. ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे काम काढून घेतील.

१२ नोव्हेंबर

औषध तरतंय! थोडक्यात, पण तरतंय. स्थिरकडून खालावलेल्याकडे जाणारा बाण बारीक झाला. जेवताना सांगितलं. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. दादा म्हणाला, "मी सांगत नव्हतो? मला... फरक पडतोय." मधे श्वास घ्यायला थांबला. मी ऐकलंच नाही असं केलं.

१५ नोव्हेंबर

काहीतरी चुकतंय. प्रत्येक तपासणीला माणसं कमी येतात, तरी बेरीज तेवढीच! आज सापडलं. जो आला नाही, त्याची मागचीच नोंद पुढे ओढलेली. मागे स्थिर होता, म्हणून आताही स्थिर. औषध घेणाऱ्या गटात तर गैरहजर न घेणाऱ्यांपेक्षाही जास्त.

अभ्यासातल्या सिस्टरना फोन केला. बरे झाले म्हणून येत नसतील का हो, असं मीच सुचवलं. मीच!

"कसलं बरं, मॅडम? आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ज्यांना दम पुरतो ते येतात."

फोन ठेवला आणि गैरहजरांची यादी काढली.

१६ नोव्हेंबर

गैरहजरांतले निम्मे खालावले असं धरून पाहिलं. बाण जाड झाला. औषध बुडालं. औषध घेतलं काय, न घेतलं काय, फारसा फरक नाही.

दशांशसाहेब म्हणाले, "अहो, मागची नोंद सगळेच पुढे ओढतात. तळटीप टाका आणि मोकळ्या व्हा."

तळटीप कोण वाचतं?

घरी आले तर दादा वहिनीला सांगत होता, समितीने होकार दिला की आपण मोकळ्या हवेत राहायला जाऊ. हा माणूस या औषधावर उभा आहे! ते मी त्याच्या हातातून कसं काढून घेऊ? खोटं असलं तरी त्याचं आहे ना?

१७ नोव्हेंबर

जुनाच आकडा ठेवला. तळटीप टाकली. अगदी बारीक अक्षरात.

१८ नोव्हेंबर

झोप नाही. अन्न गोड लागत नाही. सारखा त्या न आलेल्या माणसांचा विचार येतो. कुठेतरी पलंगावर बसली असतील. मी त्यांना स्थिर म्हणतेय.

दादासाठीच केलंय ना? मग त्याच्या तोंडाकडे का बघवत नाही?

१९ नोव्हेंबर

आज दादाची तपासणी होती. गेला नाही. एक बूट घालून पलंगाच्या कडेला बसून राहिला. दुसरा वहिनी घालायला लागली तर म्हणाला, "राहू दे. ते जिने... नाही जमणार."

सिस्टरचा फोन आला होता. "हरकत नाही म्हणाल्या, मागचीच नोंद पुढे ओढते," वहिनी कौतुकाने सांगत होती. "किती समजूतदार बाई!"

म्हणजे कागदावर दादा स्थिर.

त्याच्या पायातला बूट काढला. मग ऑफिसात गेले आणि आकडा बदलला.