डांबराखालच्या फळ्या

चिंचवड, फाल्गुन वद्य एकादशी, १९५६

हातांचं डांबर रॉकेलनंही निघेना. या हातांनी देवाला फूल कसं वाहू?

आमच्या गाडीच्या हौद्याच्या दोन फळ्या कुजल्यात. सकाळी धाकटा भाऊ शिवा म्हणाला, "दादा, तूर्त डांबर फासू, पावसाआधी फळ्या बदलू." मी उपाशीपोटी अख्खा हौदा फासला. संध्याकाळी दिघीचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा कळलं, गाडी विकायला काढलीय. शिवा त्याला सांगत होता, "हौदा आमच्या दादानं केलाय, राव. माळकरी मानूस, खोटं काम करायचा न्हाई."

सख्खा भाऊ. माझी माळच विकायला काढली की त्यानं!

उद्या गिऱ्हाईक गाडी न्यायला येईल. त्याच्यासमोरच पटाशीनं त्या दोन फळ्यांवरचं डांबर खरवडणार आहे.

देवा, फूल त्यानंतर वाहतो.