बसक्या गजराची पिल्लं

आदरणीय व्याहीबुवांस,

वाकून नमस्कार (कंबर जेवढं वाकू देते तेवढाच). तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत आणि मी तर हवेतच आहे. तुमच्या गजराच्या घड्याळाचं काय झालं म्हणून तुम्ही फोनवर पुन्हा विचारलंत. उत्तर याच पत्रात आहे, पण जरा वळसा घालून येईल. फोनवर सांगत बसलो असतो तर तुम्ही मध्येच बोलला असता.

त्याचं असं झालं, आमच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या शटरवरच्या पोकळीत चिमणीने घरटं केलं होतं. एके दिवशी गल्लीतल्या बोक्याने चिमणीला नेलं. चिमणा थोडा वेळ तारेवर ओरडला आणि तोही दिसेनासा झाला. आत तीन पिल्लं, पिसं नाहीत, डोळे मिटलेले, नुसत्या चोची आणि पोट. मी ती हिच्या शिवणाच्या टोपलीत आणून ठेवली. ही म्हणाली, "आधी दुकान धड चालवा, मग दवाखाना काढा." तुमची कन्या, म्हणजे आमची सूनबाई, त्याहून पुढची. म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे कुंडीतला निवडुंग वाळला. ही काय जगणार?" (निवडुंगाची गोष्ट खरी आहे. पण त्याने कधी तोंड उघडून मागितलंच नाही, त्याला मी काय करणार?)

तेव्हाच मी ठरवलं, ही तिन्ही उडवून दाखवीन. कापसाच्या बोळ्याने दूध पाजायच्या बेतात होतो, तेवढ्यात सूनबाईनेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. दूध नाही, चोचीत पाणी नाही. उकडलेलं अंडं आणि अळ्या, तेही दिवसभर थोडं थोडं. शिवाय लाडाने बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही, माणसाळली तर बाहेर एक दिवस टिकणार नाहीत. आता मला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. पण बसलो. डोळ्यात भिंग अडकवायचं, घड्याळाचे बारीक स्क्रू उचलतो त्या चिमट्यात अळी धरायची आणि मुकाट्याने चोचीत सोडायची. वेळ चुकू नये म्हणून टेबलावर पडलेल्या तुमच्या घड्याळाचा गजर लावायचो. त्याचा गजर बसका, सर्दी झाल्यासारखा, म्हणूनच तर तुम्ही ते दुरुस्तीला पाठवलं होतंत. थोड्याच दिवसांत असं झालं की तो घरघरला की तिन्ही चोची वर! दुकानात भिंतभर घड्याळं वाजतात, त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. मी बोलायचो नाही, म्हणून त्यांनी तुमच्या घड्याळालाच आई मानलं.

नावं ठेवली तासकाटा, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा. सेकंदकाटा जागेवर ठरेना, तासकाटा जागचा हलेना. अधूनमधून धंद्याचं थोडं नुकसान झालं. एक शिक्षक घड्याळ परत घेऊन आले. म्हणाले, "आधी हे चालत नव्हतं, आता याच्या आत काहीतरी चालतंय." (अळी सुखरूप निघाली.)

पिसं आली, तिघं ताटलीतलं आपापलं टिपायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी होकार दिला. टोपली गच्चीवर नेली, ही आणि सूनबाई मागोमाग आल्या. सेकंदकाटा झाकण उघडताच पलीकडच्या शिंप्याच्या गच्चीवरल्या पत्र्यावर. त्याच्या मागोमाग मिनिटकाटा. तासकाटा मात्र कठड्यावर बसला तो बसलाच. मी हात हलवले, त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, एखादा दुकानदार गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकून घेतो तसं. आणि कठड्याच्या दुसऱ्या टोकाला बघतो तर तोच बोका, पोट कठड्याला टेकवून येतोय! काठी घ्यायला मागे वळलो तर ही गायब. म्हटलं, हिला बघवलं नसेल.

तेवढ्यात शिंप्याच्या गच्चीवरून घर्रर्र! दवाखान्याला नावं ठेवणारी आमची ही, हातात तुमचं घड्याळ, पदर खोचलेला, धापा टाकत उभी. तासकाट्याने सवयीने चोच वर केली. अळी काही येईना. पुन्हा घर्रर्र. बोक्याने झेप टाकली आणि त्याच क्षणी आमचा ठोंब्या उडाला हो! बोका कठड्यावर तोंडघशी, तासकाटा थेट हिच्या खांद्यापाशी गिरकी घेऊन पत्र्यावर. मी गच्चीत नाचलो. सूनबाईने टाळ्या वाजवल्या. ही म्हणाली, डोळ्यात धूळ गेली. दोन्ही डोळ्यांत, एकदम.

तर व्याहीबुवा, निवडुंगाचा कलंक धुतला गेला. सर्वांना आठवण सांगावी.

आपला,
व्याही

ता. क. घड्याळ आतून साफ केलंय, वेळ अगदी चोख दाखवतं. फक्त गजराला हात लावलेला नाही. ही रोज सकाळी गच्चीवर तो वाजवते आणि तिघं येतात, चार दाणे टिपून आपल्या थव्यात परत जातात. आवाज सुधारला तर ओळखणार नाहीत. तेव्हा हात जोडून मागणं आहे, ते घड्याळ बसकंच राहू द्या आणि आमच्याकडेच राहू द्या. बदल्यात खणखणीत आवाजाचं दुसरं घड्याळ आजच पार्सलने पाठवलंय.

ता. क. पार्सल उघडताना विहीणबाईंना जरा लांब बसवा. उरलेल्या अळ्यांची डबी सकाळपासून सापडत नाहीये.