धाकट्याचा हात हलका

४ जुलै, शुक्रवार

"बायकांची कामं करायला तुला वाढवला नाही!" बाबा म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले.

नर्सिंगला माझा नंबर लागला, त्याचा घरातला आनंदोत्सव हा असा. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग माझ्याकडे अशी बघत बसली, जणू मी कुणाला तरी पळवूनच आणलंय. "जरा सावकाश सांगायचं होतंस रे." सावकाश म्हणजे कसं? एका दिवशी 'न', दुसऱ्या दिवशी 'र्स' असं?

६ जुलै, रविवार

बातमी फुटली. आमच्या सलूनमध्ये बातमी फुटायला वेळ लागत नाही, दोन खुर्च्या आणि एक बाक पुरतो. बाकावरचा रोजचा रिकामटेकडा ओरडला, "धाकटे मालक नर्स होणार म्हणे! पांढरा फ्रॉक शिवायला टाकला का?" सगळं दुकान हसलं. मीही हसलो, हातात वस्तरा होता आणि त्याखाली एकाचा गळा होता म्हणून. बाबा हसले नाहीत. मशीनची वायर गुंडाळत राहिले.

हल्ली ते फक्त मशीनने केस कापतात. दाढ्या सगळ्या माझ्या गळ्यात. म्हणतात, "तुझा हात बसायला हवा." बसलाय की! त्यांची जुनी गिऱ्हाइकंसुद्धा आता मला मागतात. रिटायर झालेले मास्तर तर बाबा मोकळे असले तरी बाकावर पेपर वाचत माझ्यासाठी थांबतात. "धाकट्याचा हात हलका आहे," असं बाबांच्या तोंडावर सांगतात. बाबांना वाईट वाटत असेल. मला मात्र बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

९ जुलै, बुधवार

आज हॉस्पिटलला गेलो. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचं काम. हे बाबांचं जुनं काम, मागच्या हिवाळ्यापासून मला पाठवतात. "जिने चढवत नाहीत," म्हणतात. त्यांनी पाठवलं नसतं तर मी कशाला त्या वॉर्डात पाय ठेवला असता! आणि आता मलाच ओरडतात.

पहिल्या दिवसांतलीच गोष्ट. एक म्हातारा कुशीवर वळेना. कंबर मोडलेली, नुसता कण्हत होता. तिथले ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणाले, "ये इकडे, चादर धर." अंगाखालच्या चादरीची कड गुंडाळून मुठीत धरायची आणि दोघांनी एकदम ओढायची. पेशंटला ओढायचं नाही, चादरीला ओढायचं. म्हातारा अलगद वळला. पाठ लालभडक झाली होती. ब्रदरनी ती पुसली, कोरडी केली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. म्हातारा म्हणाला, "पाठीला वारा लागला रे बाबा," आणि झोपलाच.

मी तसाच उभा. वाटलं, हे मला करायचंय. डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा आपटलो, तेव्हासुद्धा असं काही वाटलं नव्हतं. तेव्हा नुसती लाज वाटली होती.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "अर्ज कर. इथे पुरुष लाजून मरतात रे. लघवी तुंबली तरी मला सांगत नाहीत, नर्स मुलींना तर नाहीच. तुझ्यासारखे पाहिजेत." आणि म्हणाल्या, "निम्मं काम हाताचं, निम्मं डोळ्यांचं. पेशंट सांगत नाही ते दिसलं पाहिजे."

मला दिसतं. आत आलेलं गिऱ्हाईक बायकोशी भांडून आलंय की नाही, हे मी मानेवरून सांगतो!

१० जुलै, गुरुवार

बाबांचं दिवसभरातलं एकच वाक्य: "वस्तरा धुऊन ठेव." तेही आरशाकडे बघून.

१३ जुलै, रविवार

ताईचा फोन. तिने माझ्यासाठी एक स्थळ काढलंय. "त्या मुलीकडच्यांना आता मी काय सांगू?" जे आहे ते सांग म्हटलं. "वेड लागलंय का? 'हॉस्पिटलमध्ये आहे' एवढंच सांगते. पुढचं लग्न झाल्यावर बघू." म्हणजे मी नर्स व्हायचं, पण बायकोला कळू न देता. बायको आजारी पडली की मग हळूच उघड करायचं!

संध्याकाळी मुलीकडच्यांना कुठून तरी कळलंच. ताईचा पुन्हा फोन. ते लोक म्हणे काही वाईट बोलले नाहीत, नुसते हसले.

हसणं मला सहन होत नाही. शिवी दिली असती तर चाललं असतं.

१७ जुलै, गुरुवार

ब्रदरना गाठलं. म्हटलं, खरं सांगा, तुम्हाला कसं गेलं? ते कपडे बदलायच्या खोलीत बूट काढून बसले होते. पाय सुजलेले.

"पेशंट डॉक्टर म्हणून हाक मारतो. मी नर्स आहे म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. मग तो वॉर्डबॉय समजून पाणी मागतो. बाईला सुई द्यायला गेलो की नवरा उठून उभा राहतो. आई अजून शेजारी सांगते, मुलगा हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे." मग म्हणाले, "नोकरी मात्र कधी गेली नाही." हे असं सांगितलं की त्यातही काही दम राहिला नाही.

मग सोडून का नाही दिलं? ते बूट चढवायला लागले. म्हणाले, "मी रजेवर असलो की सात नंबर खाटेवरचा जेवत नाही." विषय संपला. निघताना सहज विचारलं त्यांनी, "घरात कुणी आजारी आहे का तुझ्या? बरेच जण त्यातून इकडे येतात."

नाही म्हटलं. आमच्याकडे सगळे ठणठणीत.

जिना उतरताना हिशेब मांडला. दहा वर्षांनी मीही असाच सुजलेले पाय घेऊन बसलेला असणार आणि आई शेजारी खोटं सांगत असणार. आणि नाही गेलो तर? तर हा बाक, हा आरसा, रिकामटेकड्याचे तेच विनोद. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. कशातच जीव लागत नाही.

२० जुलै, रविवार

भांडण! दुकान बंद करताना. बाबा म्हणाले, "परक्यांची घाण काढणार तू? हगमूत?" मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर परक्यांचे केसच काढलेत ना? मग?" बोलायला नको होतं. त्यांनी हात उगारला. वर गेलेला हात तसाच खाली घेतला आणि खिशात घातला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

हल्ली सदानकदा हात खिशात. साहेब झालेत!

"दुकान कोण बघणार?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही! माझ्याआधी कोण बघत होतं?"  घरी येईपर्यंत माझ्या मागे मागे चालत आले. आधी नेहमी पुढे असायचे.

२२ जुलै, मंगळवार

आई बाबांना चहाचा कप अर्धाच भरून देते. दोनदा देते, पण अर्धा अर्धा. मी म्हटलं, "एवढी काटकसर?" नेहमी हसते ती अशा बोलण्यावर. आज ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. घरात आता माझा विनोदही चालत नाही.

२५ जुलै, शुक्रवार

सोमवारी पाचच्या आत कॉलेजात हजर व्हायचं. नाही झालो तर जागा दुसऱ्याला. मुलांच्या जागा तशाही मोजक्याच.

जायची इच्छा आहे का, हेही आता कळत नाही. जायचा हट्ट मात्र आहे. हट्टावर माणूस किती दिवस चालेल?

२७ जुलै, रविवार



सकाळी दुकान भरलेलं. मास्तर माझ्यासाठी थांबलेले. बाबा रिकामे उभे. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "मास्तर, उद्यापासून मी नाही. आजपासूनच बाबांची सवय करा." आणि वस्तरा बाबांच्या पुढे धरला.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग वस्तरा घेतला.

मास्तर गुपचूप खुर्चीत बसले. बाबांनी साबण लावला. तोवर ठीक. मग गालाची कातडी ताणली, वस्तरा उचलला, आणि तो हवेत थरथरायला लागला. थांबेना. दुसऱ्या हाताने त्यांनी मनगट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. पातं मास्तरांच्या गळ्यापासून चार बोटांवर. रिकामटेकडा बाकावरून उठून उभा राहिला. मास्तरांनी डोळे मिटले, हनुवटी आणखी वर केली आणि म्हणाले, "करा हो. मला काही घाई नाही."

मी बाबांच्या हातातून वस्तरा काढून घेतला. बोटं सोडवावी लागली.

दाढी मी पुरी केली. मास्तर उठताना हळूच म्हणाले, "तुला माहीत नव्हतं?"

सगळ्यांना माहीत होतं! म्हणून मला मागत होते सगळे. बाबांवर वेळ येऊ नये म्हणून. आणि मी आपला हात हलका म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो! जिने चढवत नाहीत, मशीननेच केस, खिशातला हात, अर्धा कप, सगळं डोळ्यांसमोर होतं. परक्यांच्या माना वाचणारा मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आईला विचारलं. रडली नाही. "डॉक्टरांना दाखवलंय. गोळ्या चालू आहेत. वाढत जाणार म्हणाले. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. 'थांब' म्हणायचं होतं रे त्यांना तुला. ते तोंडातून निघेना, म्हणून नको नको ते बोलत राहिले."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. जेवले नाहीत. मी दारापर्यंत गेलो आणि परत आलो. काय बोलणार? सकाळी सगळ्या दुकानासमोर मी त्यांच्या हातात वस्तरा दिला. एवढं पुरे नाही का?

नाही जाणार. ठरलं. दुकान चाललं पाहिजे. उद्या त्यांना शर्टाची बटणं लावता येणार नाहीत, परवा घास तोंडापर्यंत जाणार नाही. ते काम कुठल्याही कॉलेजात न जाता करता येतं. ब्रदरच्या त्या चादरीइतकं मला येतंच.

चला, संपलं एकदाचं. आश्चर्य म्हणजे सुटल्यासारखं वाटत नाही.

२८ जुलै, सोमवार

दुकान उघडायला गेलो तर बाबा आधीच तिथे. इस्त्रीचा शर्ट, बटणं वरखाली लागलेली. काखेत माझ्या सर्टिफिकिटांची पिशवी. आणि दाढी! स्वतः केलेली. गालावर, हनुवटीवर, गळ्यावर कापलेलं. रक्त सुकलेलं.

"बघतोस काय? मुलाच्या कॉलेजात दाढी वाढवून जाऊ?"

दुकानाचं काय, विचारलं. त्यांनी आत बोट दाखवलं. दुकानाच्या नावाची पाटी भिंतीवर नव्हती, आत खुर्चीला टेकवून ठेवली होती.

त्यांना त्याच खुर्चीत बसवलं. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, तुरटी फिरवली. झोंबलं असणार, पण हलले नाहीत. बटणं काढून पुन्हा लावली.

बाबा शटर खाली ओढायला गेले. ओढता येईना. मी ओढलं.