उसना धागा

४ तारीख, सोमवार

मानवजातीवर आजवर जे घोर अन्याय झाले, त्यांच्या यादीत आमच्या नव्या घराचं न्हाणीघर वरच्या नंबरात बसायला हवं. दाराला आतून कडी नाही. कडीच्या जागी नाण्याएवढं भोक आहे आणि त्यातून बाहेरचा पॅसेज दिसतो. म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी गाणं म्हणत अंघोळ करायची, आत कोणीतरी आहे हे जगाला कळावं म्हणून. ह्यांचं म्हणणं, तुझं गाणं ऐकून आत कोण येणार आहे? चोर असला तर तोही पळेल.

बाकी घर झकास. वरचा मजला आमचा, खाली मालकीणबाई. ह्यांना इथल्या कागदाच्या गिरणीत हिशेब बघायची जागा मिळाली, पगार दीडपट. मुलाखतीत साहेबांनी हिशेबाचं जेमतेम विचारलं. बायको काय करते हे मात्र दोनदा विचारलं. कुटुंबवत्सल माणूस दिसतो. ह्यांनी ऐटीत सांगितलं, रफू करते.

तर मी रफू करते. कापड फाटलं की त्याच कापडाच्या दुमडीतून, जिथे कोणाचं लक्ष जात नाही अशा जागेतून, धागा काढायचा आणि भोकावर पुन्हा कापडच विणायचं. आधी उभे धागे, मग आडवे. चांगला रफू तो, जो दिसत नाही. काम उत्तम झालं की ते झालंय हेच कोणाला कळत नाही. घरकामाचं तरी वेगळं काय असतं म्हणा.

उत्तरेचा स्वच्छ उजेड फक्त न्हाणीघराच्या खिडकीत येतो, म्हणून माझं स्टूल तिथेच मांडलं. खिडकीच्या लाकडी चौकटीत सुईची बारीक टोचणं आधीपासूनच आहेत. माझ्यासारखीच कोणी शहाणी इथे बसत असणार. बरं वाटलं.

९ तारीख, शनिवार

कामाची शोधाशोध. रोजगार कार्यालयातल्या मुलीने विचारलं, कॉम्प्युटर येतो का? गाडी चालवता येते का? मग येतं तरी काय? रफू म्हटल्यावर तिने असं पाहिलं, जणू मला हत्तीला अंघोळ घालायचा दांडगा अनुभव आहे.

मग शिंपी गाठला. तो म्हणाला, ताई, हल्ली शर्ट फाटला तर लोक टाकून देतात, नाही फाटला तरी देतात. पण बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. टोकं निरखली. लगबगीने उठून स्वतःची खुर्ची मला दिली, पाणी दिलं, दारापर्यंत पोचवायला आला. काम देत नाहीत पण अदब केवढी!

मालकीणबाईंना हे सांगितलं तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, धीर धरा वहिनी, या शहरात तुम्हाला कामाची ददात पडायची नाही.

१३ तारीख, बुधवार

आज जीभ नडली. तशी ती माझी जन्माची वैरीण आहे.

मालकीणबाई वर आल्या आणि माझं बसायचं ठिकाण बघायला न्हाणीघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. त्या उजेडात त्यांच्या कानाखाली, मानेवर, दोन बोटांएवढा चौकोन दिसला. दुसऱ्या कोणाला सुरकुती वाटली असती. मला उभे धागे दिसले, मग आडवे. कातडीचे. आणि काम इतकं गचाळ की भीती वाटायच्या आधी मला राग आला. तोंडातून निघून गेलं, की हे कोणी केलंय? आडवा धागा सैल सोडलाय, उसवेल ना!

मालकीणबाईंनी मानेवर हात ठेवला. मग अगदी हळू विचारलं, दिसतं तुम्हाला?

मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, काही नाही हो. पण जिना उतरताना त्या रडत होत्या. हरवलेलं सापडल्यावर माणूस रडतं तसं.

१५ तारीख, शुक्रवार

एकदा दिसलं की दिसतच राहतं. पाववालीचा अख्खा गाल. बसच्या कंडक्टरचं मनगट. शिंप्याची डावी पापणी, तीही दुसऱ्याच कोणाच्या रंगाची. सगळे ओळख असल्यासारखे हसतात, वाट सोडतात. थांब्यावर एका म्हाताऱ्याने बाही वर केली आणि कोपर माझ्यापुढे धरलं. कडा विरल्या होत्या. आत रक्त नाही, हाड नाही. नुसता काळोख, अस्तरसुद्धा नाही.

ह्यांना सांगितलं. ह्यांचं निदान, चष्म्याचा नंबर वाढलाय.

पाववालीला विचारलं, आमच्या घरात आधी कोण होतं? म्हणाली, रफूवाल्या काकी. फार चांगला हात. पण शेवटी शेवटी न्हाणीघरात कडी लावून बसायला लागल्या, कोणाला आत घेईनात, म्हणून मग कडी काढावी लागली. मी विचारलं, आता कुठे असतात? तिने पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. म्हणाली, एकट्या काकी सगळ्यांना कशा पुरणार, ताई?

१८ तारीख, सोमवार

ह्यांना दुपारीच घरी आणलं. सोबत गिरणीचा मुकादम, तो मालकीणबाईंचा भाऊच निघाला. म्हणे कागद कापायच्या पात्याजवळ जरासा धक्का लागला, विशेष काही नाही.

हिशेब बघणाऱ्या माणसाला पात्याजवळ कशाला नेलं होतं?

शर्ट खांद्यापासून कमरेपर्यंत चिरलेला. रक्ताचा थेंब नाही. शर्ट काढला — पाठीवर वीतभर रफू. ताजा. गोऱ्या पाठीवर सावळा धागा, मालकीणबाईंच्या रंगाचा. तोच सैल हात.

ह्यांना काही आठवत नाही. वर थट्टा, की पाठ काय बघतेस, लग्नाआधी बघून घ्यायची होती. मी हसले. चिरलेला शर्ट घडी करून ठेवला.

उद्या पहिल्या बसने इथून निघायचं. सामान राहू दे.

१९ तारीख, मंगळवार

कंडक्टरने चढू दिलं नाही. दारात उभा राहून हात जोडले. मनगट लोंबत होतं — माफ करा ताई, म्हणत होता, माफ करा —

ह्यांची पाठ वरून सुटायला लागलीय. ह्यांना फक्त थंडी वाजते.

मालकीणबाई आल्या. सगळं सांगितलं, शांतपणे, भाव सांगावा तसं. त्यांच्या स्वतःच्या दुमडी केव्हाच संपल्या. आता एकमेकांचं काढतात, बाहेरून आलेल्यांचं काढतात. परका धागा फार दिवस धरत नाही. माझ्यासारख्या हाताने मात्र टिकतो. ह्यांच्यासाठी त्यांनी आपला वीतभर उसना दिलाय, पण तो उद्यापर्यंतच. पुढे त्याच कापडाचा हवा.

मी ओरडले, त्याच कापडाचा कुठून आणू?

तर म्हणाल्या, तेवीस वर्षं संसार केलात ना वहिनी? एकच कापड की.

बाई खोटं बोलत नाही. त्याचीच भीती वाटते.

२० तारीख

उजेड चांगला आहे.

ह्यांना स्टुलावर बसवलंय, पाठ माझ्याकडे. थट्टा बंद झालीय. बोटं गार —

आधी परका धागा काढला. सगळा. रिळावर गुंडाळून ठेवला.

मग माझा. डाव्या काखेतून, दिसणार नाही तिथून. दुखत नाही. दुखायला हवं होतं. सरळ येतोय, न तुटता. रंग जुळला. उभा. आडवा.

हे म्हणाले, ऊब लागतेय गं.

झालं. कुठे फाटलं होतं ते मलाच सापडत नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि कोणाला दिसणार —

धागा थांबत नाही. काम संपलं तरी येतोच आहे. डावी बाही हलकी. आत काही नसल्यासारखी —

भोकाला डोळा. मग दुसरा डोळा, दुसऱ्याचा. पॅसेज भरलाय, जिना भरलाय. धक्काबुक्की नाही, आवाज नाही. शिंप्याने पापणी तळहातावर धरलीय. किती शिस्तीची माणसं —

मी पुरणार नाही. ओरडून सांगितलं, मी एकटी नाही पुरणार.

ह्यांनी दाराला पाठ लावलीय. घट्ट. टाके धरताहेत. मला म्हणतात, गाणं म्हण. मोठ्याने. आत कोणीतरी आहे हे त्यांना —

मालकीणबाईंच्या धाग्याचं रीळ दाराच्या फटीतून सरकवलं. वीतभर होता, वीतभरच आहे. उसनं फिटलं.

पलीकडून त्यांचा आवाज. अगदी मायेचा. एवढी काय घाई होती हो वहिनी —

गाते आहे. कडवं आठवत नाही. दार