सरकारांच्या मोटारीची थरथर

कोल्हापूर, दिवाळीच्या आधीचा गुरुवार

लालबी आपास धाकट्या भावाचा, मीरासाबचा सलाम. तुझ्या भावजयीचा, मेहमुदाचाबी सलाम हाय, तिनं चुलीपुढनं ओरडून सांगितलाय. इकडं सगळी खुशाल. तुझा गुडघा कसा हाय? नदीचं पाणी उतरलं का, शेळी व्याली का, अन् परड्याकडची भिंत या पावसात किती खचली ते कळव. अन् केरबा मास्तर, तुमी शाळा सुटल्यावर माझ्या आपाला पत्र वाचून दाखवतासा, तुमचे उपकार हाईत. पण हात जोडून एक सांगणं हाय, कंसातलं वाचायचं नसतंय. मागल्या पत्रात मी आपाच्या आमटीविषयी कंसात जे लिहिलतं ते तुमी ओट्यावर बसून खणखणीत वाचलंसा, अन् दसऱ्याला ती इथं आली तवा सगळ्यांना आमटी अन् मला नुसता ताकभात. (हे वाचू नका.)

आता मुद्द्यावर येतो. मोटारीनं माझा जीव काढलाय. (जीव हाय अजून, घाबरू नको. मास्तर, एवढं मात्र वाचा.) तुला ठाऊकच हाय, महाराजांकडं मोटारी दिसायला लागल्या तवापास्नं इथल्या इनामदारांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आमच्या हंबीरराव सरकारांनीबी बग्गी विकली, घोड्यांची जोडी विकली अन् मुंबैहून कोरी मोटार आणली. मी जन्माचा घोडेवाला, अब्बांच्या टांग्यावर वाढलेला. पण सरकार म्हणाले, मीरासाब, लगाम धरतोस तसंच हे धरायचं, त्यात काय! धरलं. शिकलो. डायवर झालो, अन् मोटारखान्याला लागून दोन खोल्या मिळाल्या. एकीत आमी ऱ्हातो. दुसरी मी सारवून, चुना मारून, बाज टाकून ठेवलीय. कुणासाठी ते तुला सांगून सांगून माझी जीभ झिजली. दर साली नदी तुझ्या दारात येते अन् दर साली तू म्हणतीस, येऊ दे की, पाहुणी हाय, जाईल. दसऱ्याच्या सणाला खंडेनवमीआधीच आलीस, खोली बघितलीस, चुना बरा बसलाय म्हणालीस, अन् दसरा झाल्याबरोबर शिरोळला चाललीस. मोटारीनं सोडतो म्हटलं तर काय म्हणालीस? जी गाडी चारा खात न्हाय तिचा भरवसा काय! अन् बैलगाडीत बसून गेलीस.

तर आपा, त्या खोलीवरच गदा आलती. डायवरकी गेली असती तर खोल्याबी गेल्या असत्या, अन् मागं फिरावं तर घोडी विकून झालेली. आता ऐक.

खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली. सरकारांच्या तलवारी मांडलेल्या, त्यांच्या शेजारी मी पाना अन् पंप ठेवला, अब्बा चाबूक ठेवायचे तसा. तूबी मोटारीभोवती बराच वेळ घुटमळत हुतीस. मला वाटलं, भावाचं कौतुक बघतीय. तू गेलीस, अन् मी सरकारांना घेऊन पुण्याच्या रस्त्याला पूजेनंतरची पहिली रपेट मारायला निघालो. पंचगंगेचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा दिसला. वीस मैलाच्या वेगाला गाडी लोण्यावानी. पंचविसाला बरी. अन् तिसाला काटा टेकला तसं स्टेरिंग (म्हंजे हातात धरायचं ते गोल चाक) असं थरथरायला लागलं की माझे दात वाजले. मागं सरकारांचा फेटा नाकावर आला अन् तोंडातलं पान पांढऱ्या अंगरख्यावर. वेग कमी केला की थरथर गप. वाढवला की परत सुरू. सरकार पुसत पुसत म्हणाले, रस्ता वाईट हाय. कळंब्याच्या रस्त्याला गेलतो, तिथंबी तेच. मग म्हणाले, मुंबैची गाडी हाय, इथलं पाणी मानवलं नसंल. म्हणून रेडिएटरातलं नळाचं पाणी काढून वाड्यातल्या आडाचं घातलं. गाडीनं ते पाणी आवडीनं पिलं अन् तशीच थरथरली.

घोडं असतं तर मला लगेच कळलं असतं. खूर उचलायचा, खडा बघायचा, नाल बघायची, पायावर हात फिरवायचा, कुठं गरम लागतंय ते बघायचं. मी मोटारीचं तेच केलं. हवा बघितली, नट आवळले, रबरात खिळा शिरलाय का ते बोटानं चाचपलं, लाकडी आरे बाहेरनं ठोकून बघितले, सगळे खणखणीत. पुढचा कणा वाकलाय का म्हणून दोरी लावली, सरळ. मोटारीच्या तोंडापुढं उभा ऱ्हाऊन विचारलंबी, बाई गं, तुला काय हुतंय? (मास्तर, हे वाचू नका. शिरोळात माझी इज्जत हाय.)

शेवटी सरकारांनी मुंबैहून मिस्त्री बोलावला. टोपीवाला, बुटात पाय, हातात दस्ती रुमाल. त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, अन् सरकारांना सांगितलं, गाडी कोरी हाय, तिला काय झालेलं न्हाय, या डायवरचे हात थरथरतात. आपा, लई लागलं गं. ज्या हातांनी बुजरी घोडी आवरली त्यांना असं बोलावं? सरकार माणूस चांगला, त्यांनी लगेच निवाडा करायला घेतला. चहानं काठोकाठ भरलेली कपबशी माझ्या हातात दिली अन् चौकात चालायला लावलं. एक थेंब सांडला न्हाय. मिस्त्री म्हणाला, चालताना न्हाय, वेगात थरथरतात. मग मला पळायला लावलं. पळताना चहा सांडला. आता तूच सांग, कुणाचा सांडणार न्हाय? पण निकाल लागला. पुण्याहून दुसरा डायवर मागवला. दिवाळीला बेळगावहून व्याही आणायचेत, त्यांचं पान अंगरख्यावर पडून कसं चालंल?

घरी येऊन सांगितलं. मेहमुदानं चुलीपुढचं सगळं आवरलं, अन् निजायला जाताना दुसऱ्या खोलीतली तुझी बाज भिंतीला उभी करून ठेवली. ती उभी बाज बघितली तवा मात्र माझे हात खरंच थरथरले.

पुण्याचा डायवर आला त्या सकाळी मी मोटार धुवायला घेतली. दुसऱ्याच्या हातात द्यायची तर चकाचक द्यावी. अब्बासुदिक घोडं विकायच्या दिवशी त्याला खरारा करायचे अन् मग तोंड फिरवून उभे ऱ्हायचे. पुढलं उजवं चाक जॅकवर उचललं, आऱ्यांतला चिखल निघावा म्हणून पाणी मारत हातानं गरगर फिरवलं. चाक थांबायच्या आधी मागं पुढं डुललं अन् एक आरा खाली येऊन बसला. परत फिरवलं, परत तोच आरा खाली. वर धरून सोडला तरी हळूच खाली उतरला. डावं चाक उचलून बघितलं, ते सोडंल तिथं गप. म्हटलं, या बाजूला काय जड हाय बाबा? आऱ्याच्या मागं, आतल्या अंगाला हात घातला, तर चिखलात माखलेलं काळ्या फडक्याचं गाठोडं, आवळून शिवलेलं. चिखल धुतला अन् टाका बघितला. आपा, तो टाका मी कुठंबी वळखीन. माझ्या शाळेच्या पिशवीला तोच हुता, माझ्या फाटक्या चड्डीलाबी तोच. उसवलं तर आत अब्बांच्या चांदणी घोडीची नाल.

अब्बांच्या माघारी चांदणीची एक नाल तू तुझ्या उंबऱ्याला ठोकलीस, अन् दुसरी माझ्या वाटणीची, पण हा हरवंल म्हणून तुझ्याच पेटीत ठेवलीस. ती तू खंडेनवमीला चोरून माझ्या चाकाला बांधलीस. अब्बा टांग्याच्या चाकाला बांधायचे, म्हणून तूबी. अगं पण टांगा कधी तीस मैलानं पळालाय? चांदणीला वाटंत दुसरं घोडं दिसलं तरी ती उभी ऱ्हायची! टांग्याला जे चाललं ते मोटारीला कसं चालंल? एका बाजूला एवढं लोखंड घेऊन चाक पळायला लागलं की ते हिसके देणार, अन् हिसके माझ्या हातात येणार. मी तिथंच ओल्या जमिनीवर बसलो अन् रडलो. हसलोबी. दोन्ही एकदम आलं. जिला मोटारीचा भरवसा न्हाय, तिनं आपल्याजवळ हुतं ते माझ्या चाकाला बांधून ठेवलं, अन् मी मुंबैच्या मिस्त्रीला विचारत बसलो.

नाल काढून कमरेला खोवली अन् सरकारांना म्हणालो, एकदा बसा, मग काय ते ठरवा. पुण्याच्या डायवरला शेजारी बसवलं. पूल ओलांडला. तीस. पस्तीस. चाळीस. मागनं आवाज न्हाय म्हणून वळून बघितलं, तर सरकार तोंडात पान धरून झोपलेले! परत आल्यावर म्हणाले, काय रोग हुता रे? मी म्हणालो, चाकात चिखल बसलता सरकार. दुसरं काय सांगू? पुण्याच्या डायवरला जेवू घातलं, त्यानं माझी पाठ थोपटली अन् तो आल्या वाटंनं गेला. मेहमुदानं तुझी बाज परत आडवी केलीय.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला तेल लाव, मास्तरांना चहा दे. त्यात साखर घाल, तू विसरतीस.

तुझा,
मीरासाब

ता. क. एक ऱ्हायलं. नाल काढली तर गाडी सुधारली, पण परतताना पुलावर माझं काळीज धडधडायला लागलं. तू बांधलेलं मी सोडलं, हे मला सोसंना. नाल चाकाला पाहिजेच. पण मग गाडी गप ऱ्हायची तर समोरच्या आऱ्याला तेवढ्याच वजनाची दुसरी लागंल, अन् चांदणीच्या नालेच्या जोडीला चांदणीचीच पाहिजे. तवा तुझ्या उंबऱ्याची काढून घेऊन ये. सरकारांनी परवानगी दिलीय, शनिवारी मीच मोटार घेऊन येतो. बसवायचं काम नाजूक हाय, दिवस लागतील. चार लुगडी जास्त घे. शेळीबी घे, सरकारांना सांगितलंय.

ता. क. तू म्हणशील, नाल टपालानं धाडते. टपालात लोखंड घेत न्हाईत. मास्तर, तुमी व्हय म्हणा.

ता. क. मास्तर, आता हे फक्त तुमच्यापुरतं. इथल्या लोहारानं नालेच्या वजनाची पट्टी तवाच घडवून दिलीय. चांदणीची नाल एका आऱ्याला, पट्टी समोरच्या आऱ्याला, अन् गाडी चाळिसाला पाण्यावानी पळतीय. चाकाला आता काय नको. हे तिला वाचून दाखवू नका, न्हायतर ती यायची न्हाय. तुमी वाचणार, मला ठाऊक हाय. वाचणारच असाल तर एवढंबी वाचा, की दुसऱ्या खोलीच्या उंबऱ्यात खिळं ठोकून ठेवल्यात, अन् तिची नाल यायची वाट बघतोय.