पिकअप, पाचही टायरांसकट

शनिवार, दिनांक ८ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. पिकअपच्या पाचही टायरांतली हवा आत्ताच मोजून झाली. हवा टायर थंड असतानाच मोजावी लागते, म्हणून हे काम मी उजाडताच करतो. हात धुऊन, कोरडे करून लिहायला बसलो आहे.

मी, नाथाजी आकाराम जगदाळे, वय २९ वर्षे, धंदा मालवाहतूक व थोडी शेती, राहणार डोणेवाडी, तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट घरातल्या तिघांनी हे लिहू नको म्हणून सांगितले आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. कायद्याचे शब्द तहसील कचेरीबाहेर मिळालेल्या छापील नमुन्यातून घेतले आहेत, बाकीचे माझे आहेत.

लिहिण्याचे कारण असे की सोमवारी मिरजेत माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे, तिसऱ्या दिवशी घरी जाल. मी विचारले, "किरकोळ म्हणजे शंभरात किती जणांना त्रास होतो?" ते हसले, आकडा सांगितला नाही. चाकाचे नट घट्ट केल्यावर मी पन्नास किलोमीटरवर थांबून ते पुन्हा तपासतो. असल्या माणसाला न सांगितलेला आकडा झोपू देत नाही.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. लिही म्हणणारे ते एकटेच. म्हणाले, "भरती झालो तवाच आमच्याकडनं विल लिहून घेतलं. पेटीत तसंच पडून हाय. आन् मी हितं च्या पितोय. लिही, काय हुत न्हाई."

कलम १. बँकेत माझ्या नावे चाळीस हजार रुपयांची ठेव आहे. ती माझी आई मनुबाई हिला मिळावी. तिने त्यातून आधी डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घ्यावेत. तीन वर्षे ती "फुडच्या म्हयन्यात" म्हणते आहे. माझा भित्रेपणा कोणाकडून आला हे यावरून कळावे.

कलम २. माझ्या नावावरची पिकअप गाडी, स्टेपनी धरून पाचही टायर, जॅक, पाना, हवा मोजायचे मीटर व खडे काढायचा लांब स्क्रू ड्रायव्हर यांसह, माझी पत्नी संयोगिता हिला मिळावी. तिच्याकडे गाडी चालवण्याचा पक्का परवाना आहे. माहेरी, खटाव तालुक्यात, ती लग्नाआधीपासून वडिलांचा ट्रॅक्टर चालवत होती.

या कलमावरून घरात वाद आहे, तो लपवत नाही. माझे थोरले बंधू लालासाहेब यांचे म्हणणे असे की २०१८ साली गाडी घेताना आबांनी एक लाख रुपये भरले, सबब गाडी दोघा भावांची. लाख भरले हे खरे आहे. पुढचे साठ हप्ते मी भरले हेही खरे आहे. दादांचा बेत मला ठाऊक आहे. गाडीला रस्त्याचे गुळगुळीत टायर घालायचे आणि द्राक्षे व बेदाणा भरून डांबरी रस्त्याने सांगलीला जायचे. धंदा म्हणून तो वाईट नाही. पण ज्या दिवशी ते टायर बसतील त्या दिवशी वरच्या वस्तीची फेरी बंद पडेल.

वरची वस्ती जत तालुक्याच्या हद्दीत आहे. अकरा घरे. डांबर सुटल्यावर कातळ, खडे आणि ओढ्याची वाळू. दुसरी कोणतीही गाडी तेथे जात नाही. मी रोज सकाळी दुधाचे कॅन खाली आणतो, आणि जाताना पेंड, किराणा व उन्हाळ्यात पिण्याचे पाणी नेतो. आजवर चार बाळंतिणी आणि एक साप चावलेला मेंढपाळ याच गाडीतून खाली आले. पाचही जण सुखरूप आहेत. म्हणून मागे उरतील त्यांना मी लेखी सांगतो: गाडी संयोगिताची, आणि टायर हेच.

कलम ३. टायर कसे निवडले ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी दुकानदार तिला भलतेच काही गळ्यात मारणार नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये मी सांगलीला जिनेंद्र चौगुले यांच्या दुकानी गेलो. फोनमध्ये चिखलाच्या टायरचा फोटो होता, तळहाताएवढ्या नक्षीचा. मला तेच हवे होते.

जिनेंद्रशेठ म्हणाले, "तुझ्या वाटेवर चिखल किती दिवस असतो?"

"वीस-पंचवीस दिवस."

"आणि राहिलेले तीनशे चाळीस दिवस? डांबरावर ढोल बडवत जाणार काय? घरी जा. महिनाभर रस्ता मोज. मग ये."

गिऱ्हाईक आलेले परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. महिनाभर मोजले. जाऊन-येऊन रोज बासष्ट किलोमीटर. त्यांपैकी अडतीस डांबरी, चोवीस कच्चे. वही पुढे ठेवली तेव्हा ते म्हणाले, "आता बोल. दोन्हीकडं चालणारे घे, ऑल टेरेन. आणि वजन किती भरतोस ते खरं सांग, आरटीओला सांगतोस ते नको." मी खरे सांगितले. टायरच्या बाजूवर वजनाचा आकडा लिहिलेला असतो, तो त्यांनी मला बोट ठेवून वाचायला लावला. माप कंपनीने दिले तेच ठेवले. मोठे टायर दिसायला चांगले दिसतात, पण वळताना आत घासतात आणि मीटर किलोमीटर कमी दाखवते.

मी पाच घेतले. दादा म्हणाले, "स्टेपनीला जुना चालतोय की! पाचवा कशाला, शोभेला?" शोभेला नाही. पाचही आळीपाळीने फिरवले तर सारखे झिजतात, आणि अडचणीत लावलेला टायर बाकीच्यांच्या उंचीचा असतो. तो संच सत्तावन्न हजार चारशे किलोमीटर चालला. सध्याचा दुसरा आहे.

पहिल्या संचाचे एकोणचाळीस हजार पाचशे रुपये संयोगिताने दिले. शिवणकामातून तिने लावलेली भिशी त्याच महिन्यात तिच्या नावावर उठली होती. म्हणजे टायर पहिल्यापासून तिचेच आहेत. मी फक्त वरची गाडी देतो आहे.

कलम ४. या टायरांबरोबर कसे राहावे.

हवा दर शनिवारी, थंड असताना मोजावी. रिकामी गाडी कातळावर न्यायची असेल तर हवा थोडी कमी चालते. भरलेल्या गाडीला कधीही कमी करू नये. डांबरावर आल्यावर पुन्हा भरावी, आळस करू नये.

फेरीहून आल्यावर नक्षीत अडकलेले खडे काढावेत. हे मी रोज करतो आणि खरे सांगायचे तर मला ते आवडते. दहा मिनिटे कोणी बोलावत नाही.

दर आठ हजार किलोमीटरला टायर फिरवावेत. कुठला कुठे जातो त्याचे चित्र काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात आतून चिकटवले आहे.

पावसात डांबरावर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावे. हे टायर खड्यावर धरतात तसे ओल्या डांबरावर धरत नाहीत. डिझेल थोडे जास्त लागते. लिटरला चौदा जायची ती तेरा जाते. हा तोटा मान्य करावा. आधी वर्षाला एकोणीस पंक्चर व्हायची, आता दोन-तीन होतात. बाभळीचा काटा बिचारा बाहेरच मोडतो.

आवाज येतो, तो येणारच. पहिल्या दिवशी संयोगिता म्हणाली, "आवं, गाडीत भुंगा शिरलाय का काय?" आता वस्तीवरच्या रंगूबाई ओढ्यापलीकडून तो भुंगा ऐकतात आणि कॅन दारात आणून ठेवतात. मी पोचतो तेव्हा झाकणेसुद्धा लावलेली असतात. तीन वर्षांत हॉर्न वाजवावा लागलेला नाही.

कलम ५. बंधू लालासाहेब यांच्याविषयी.

एप्रिल २०२१ मध्ये, अधूनमधून तेही गाडी चालवत तेव्हा, त्यांनी मला न विचारता मागे दोन रिमोल्ड टायर बसवले, म्हणजे जुन्या टायरवर नवी साल चिकटवलेले. म्हणाले, "नव्यावानीच हाय, तुला काय कळतंय." चौथ्या दिवशी भर उन्हात एकाची साल निघाली. तीनशे दहा लिटर दूध चार तास रस्त्यात उभे राहिले आणि नासले. दादांनी गावात सांगितले की नाथाने वजन जास्त भरले होते. मी वजन जास्त भरले नव्हते. हे येथे नोंदवून ठेवतो, कारण तोंडी सांगायला गेलो की माझा आवाज चढतो आणि मुद्दा राहून जातो.

हा राग मी चार वर्षे वागवला. त्यात काही कमी-जास्त झालेले नाही. तरीही आबांच्या एक लाखाचा विचार करून, गाडीवरचा हक्क सोडण्याच्या बदल्यात माझ्या हिश्शाची विहिरीलगतची वीस गुंठे जमीन लालासाहेब यांना देत आहे.

कलम ६. परवाची, गुरुवारची फेरी.

ऑपरेशननंतर सहा आठवडे मला गाडी चालवायची नाही. ती संयोगिता चालवणार. दादा म्हणाले, "बाईमाणसाला ती कातळाची चढण जमणार न्हाई. गाडी उलटून बसंल." म्हणून गुरुवारी तिने चालवली, मी मध्ये बसलो, दादा दाराशी बसले. मागे नऊ पोती पेंड होती.

चढणीच्या पायथ्याला तिने गाडी थांबवली, खाली उतरली आणि दगड बघू लागली.

दादा म्हणाले, "थांबलीस कशाला? जोर घे आन् काढ की वर!"

"दादा, जोर घेतला की धारेचा दगड टायरच्या बाजूत घुसतोय. नक्षीवरनं नेला तर काय करत न्हाई."

तिने दोन दगड पायाने सरकवले, परत बसली, पहिल्या गिअरमध्ये सावकाश निघाली. एकही चाक जागेवर फिरले नाही. माझे दोन्ही हात सीटला गच्च होते, हे कबूल करतो. गाडी वर पोचली. मग दादा म्हणाले, "चढली की."

रंगूबाई दारात होत्या. त्यांनी आधी संयोगिताकडे पाहिले, मग दादांकडे. "लालासाब, तू गाडी आणायचास तवा आमी कॅन डोईवर घिऊन ओढ्यापातुर उतरायचो. ही बाई बघ, दारात आली."

"टायर चांगलं हायती म्हणून आली, आक्का."

"मंग काढू नगं की, बाबा."

दादांनी पेंडीचे पहिले पोते उतरवायला घेतले.

कलम ७. माझे कोणाचेही देणे नाही. कोणाकडे घेणे असेल तर ते मी विसरलो असे समजावे. विसरलेलो नाही, पण तसे समजावे.

पुढील मजकूर दुपारी साडेबारा वाजता लिहिला.

साक्षीदार म्हणून जिनेंद्रशेठ सांगलीहून आले. दुसरे साक्षीदार शेजारचे जोतिबा ठरले होते, पण त्यांना अचानक जतला जावे लागले. सोप्यात बसून मी सगळे मोठ्याने वाचले. रिमोल्डचे कलम वाचताना मान वर केली नाही. वाचून झाल्यावर दादांनी माझ्या हातातला पेन घेतला.

"जोतिबा नसला तर नसू दे. कुठं सही करायची? मी करतो."

जिनेंद्रशेठ म्हणाले, "थांबा, लालासाहेब. ज्याला कागदातनं काही मिळतंय त्यानं साक्षीदार होऊ नये, असं आमच्या वडिलांच्या मृत्युपत्राला वकिलांनी बजावलं होतं. तुम्हाला वीस गुंठे मिळतायत. सही केलीत तर पुढं ती जमीन अडचणीत येईल."

मला वाटले दादा पेन खाली ठेवतील, पण त्यांनी कागद पुढे ओढला.

"नाथा, रिमोल्डचं खोडणार हायस का?"

"नाही."

"खोडू नगंस. खरं हाय ते. जमिनीचं खोड."

मी विचारले, "आणि ती कोणाला लिहू?"

"गाडी जिला, तिलाच. जमीन नसली तर डिझेल कुठनं घालंल ती, दूध इकून? आन् तू काय मरत न्हाईस सोमवारी. उगं घाबरट."

"दादा, आबांचे एक लाख?"

आबा पलीकडे चहा पीत होते. म्हणाले, "गाडी चालावी म्हणून दिलं हुतं. चालतीया की."

संयोगिता आत होती. ती बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

सबब कलम ५ मधील जमिनीसंबंधीचे शेवटचे वाक्य मी सर्वांसमक्ष आडवी रेघ मारून रद्द केले व शेजारी सही केली. सदर वीस गुंठे जमीनही संयोगिता हिला मिळावी. कलम ५ मधील बाकीचा मजकूर कायम.

मी मिरजेहून परत आलो तर हा कागद आबांच्या पेटीत त्यांच्या विलाशेजारी राहील. गाडी मार्चअखेरपर्यंत संयोगिताकडेच राहील, आणि मी शेजारी बसून गप्प राहायचे असे ठरले आहे.

ठिकाण: डोणेवाडी
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणार:
(सही) नाथाजी आकाराम जगदाळे

नाथाजी यांनी आमच्यासमोर शुद्धीवर व राजीखुशीने सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार क्र. १:
(सही) जिनेंद्र भूपाल चौगुले, टायर विक्रेते, सांगली.
मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

साक्षीदार क्र. २:
(सही) लालासाहेब आकाराम जगदाळे, थोरले बंधू, डोणेवाडी.
मला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.